दगडाची माती कशी होते? सोलापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर, बार्शी, मंगळवेढा, पंढरपूर, अक्कलकोट ह्या भागांतून येणारे प्रश्न वरवर फार वेगळे असतात. कुणाची विहीर, कुणाची डाळिंबाची बाग, कुणाची शहाबादी फरशी. पण बहुतेकांचं उत्तर शेवटी दोन गोष्टींवर येतं: दगडातून किती पाणी गेलं आणि ते पुढे कुठे अडलं. दगड कोणता होता, हे त्यानंतर. शेतीपुरतंच हवं असेल तर थेट प्रश्न ९ पासून वाचलं तरी चालेल.

१. विदारण म्हणजे नेमकं काय? झीज म्हणजेच विदारण ना?

नाही. खडक जागच्या जागी कमकुवत होतो, फुटतो, त्यातली खनिजं बदलून दुसरीच खनिजं होतात, ते विदारण. सुटलेला माल पाण्याने किंवा वाऱ्याने उचलून नेला की ते क्षरण. माळावर कुदळीने सहज निघणारा मुरूम हे विदारण. तोच मुरूम वळवाच्या पावसात ओढ्याला लागला की क्षरण.

शाळेच्या भूगोलात कायिक, रासायनिक आणि जैविक असे तीन प्रकार शिकवतात. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. प्रत्यक्षात मुळाने फट रुंदावते, रुंदावलेल्या फटीत पाणी शिरतं, त्या पाण्यात जिवाणूंनी सोडलेलं आम्ल असतं. तिन्ही प्रकार एकाच फटीत एकाच वेळी चाललेले असतात.

२. सोलापूरच्या खाली सगळीकडे काळाच दगड का लागतो?

कारण हा सगळा दख्खनच्या लाव्ह्याचा प्रदेश आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा थरांमागून थर पसरत गेला आणि थिजून बसाल्ट झाला. आपण ज्याला काळा पाषाण किंवा कातळ म्हणतो तो हाच.

विहीर खोदणाऱ्यांना ह्या थरांची ओळख पुस्तकाशिवाय असते. वर काळी माती, मग पांढरट चुनखडीचा पट्टा, मग मुरूम, मग सुटा सुटा मांजऱ्या, म्हणजे अर्धवट कुजलेला दगड, आणि शेवटी सुरुंगाशिवाय न हलणारा कातळ. खालून वर वाचत गेलात तर विदारण क्रमाने पुढे सरकताना दिसतं. क्रम सगळीकडे पुरा असतोच असं नाही. सखल भागातली काळी माती बऱ्याचदा चढावरून वाहून येऊन साचलेली असते, त्यामुळे ती खालच्या दगडाचीच असेल असं धरू नका.

मध्येच कधी विटकरी रंगाचा पट्टा लागतो. एक लाव्हा थिजल्यानंतर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात पहिल्या थराचा माथा विदारित झाला, आणि पुढचा लाव्हा त्यावर पसरताना तो भाजलाही गेला. म्हणजे तो पट्टा डायनोसॉरांच्या अखेरच्या काळाच्या आसपास झालेलं विदारण आहे. विहिरीच्या बांधकामाच्या दृष्टीने मात्र तो पट्टा ठिसूळ. तिथे कडा ढासळतात.

३. काळा दगड एकजीव दिसतो. मग त्यातला कोणता भाग आधी कुजतो?

एकजीव दिसत असला तरी त्यात प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार, पायरॉक्सिन, लोहाची ऑक्साइडं आणि थोडी ज्वालामुखी काच असते. सगळ्यांत आधी काच जाते. ऑलिविन असेल तर तेही लवकर जातं. मग पायरॉक्सिन आणि कॅल्शियमवालं फेल्डस्पार.

हा क्रम सॅम्युएल गोल्डिच यांनी १९३८ मध्ये मांडला. जे खनिज लाव्ह्यात जास्त तापमानाला तयार होतं ते जमिनीवर लवकर बदलतं, आणि क्वार्ट्झ सगळ्यांत शेवटपर्यंत टिकतं. म्हणूनच शेतात दगडाची माती झालेली असते, पण दगडाच्या पोकळ्यांत तयार झालेल्या गारगोट्या तशाच पडून राहतात. बसाल्टमध्ये टिकाऊ क्वार्ट्झ जवळपास नसल्यामुळे तो पूर्ण विदारित झाला की हाती वाळू कमी आणि चिकणमाती जास्त येते. ग्रॅनाइटच्या प्रदेशात नेमकं उलट.

४. रस्त्यासाठी तोडलेल्या कड्यात गोल गोल धोंडे दिसतात, त्यांचे पापुद्रे सुटतात. ते कुणी घडवले का? नदीतले का?

दोन्ही नाही. लाव्हा थंड होताना आक्रसतो आणि त्याला आडव्याउभ्या भेगा पडतात. भेगांमधून पाणी ठोकळ्याला सगळीकडून भिडतं. कोपऱ्यावर ते तीन बाजूंनी पोचतं, कडेवर दोन आणि सपाट बाजूवर एकाच बाजूने. त्यामुळे कोपरे आधी जातात आणि चौकोनी ठोकळा आतल्या आत गोल होत जातो. पापुद्रे कांद्यासारखे सुटतात.

एखादा असा धोंडा हातोडीने फोडून पाहा. बाहेरचा पापुद्रा पिवळट तपकिरी, नखाने खरवडता येईल इतका मऊ. त्याच्या आत करड्या रंगाची पातळ कड. आणि मध्ये निळसर काळा गाभा, ज्यावर हातोडी खणकन वाजते. पिवळटपणा लोहाचा: पायरॉक्सिनमधलं लोह हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून गंजतं. नदीत गोल झालेला गोटा फोडला तर त्याला असे पापुद्रे नसतात, तो काठापासून गाभ्यापर्यंत एकसारखा असतो. ओळखण्याची सोपी खूण हीच.

५. एप्रिल-मेच्या उन्हात आमच्याकडे दगड हाताला चटका देतो. नुसत्या उन्हाने दगड फुटतो का?

पुस्तकांत तसं ठामपणे लिहिलेलं असतं, पण गोष्ट इतकी सरळ नाही. अमेरिकन भूशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रिग्ज यांनी १९३६ मध्ये ग्रॅनाइटचा तुकडा ८९,४०० वेळा तापवला आणि थंड केला. रोजचा एक दिवस-रात्र धरला तर ही जवळपास २४४ वर्षं झाली. कोरड्या हवेत दगडावर काहीच फरक दिसला नाही. मग त्यांनी थंड करताना पाण्याचा फवारा वापरला, आणि फार थोड्या फेऱ्यांत दगडाची झिलई गेली, भेगा दिसू लागल्या.

ग्रिग्ज यांचा तुकडा लहान होता आणि चारी बाजूंनी मोकळा होता. डोंगरातला दगड आवळलेला असतो, त्याला फुगायला जागा नसते. त्यामुळे पुढच्या संशोधकांनी उन्हाला अगदीच निर्दोष ठरवलेलं नाही. रोजच्या ताणाने बारीक भेगा हळूहळू वाढतात असं आता मानतात. तरी सोलापूरच्या दगडासाठी माझं मत असं: ऊन भेग धरून ठेवतं, काम पाणी करतं. कडक उन्हाळ्यानंतर पहिला वळीव तापलेल्या कातळावर पडतो तेव्हा दोन्ही एकत्र येतात. जुन्या काळी कातळावर जाळ करून वर पाणी ओतायचे आणि दगड तडकवायचे, ते ह्याच जोडीचं काम.

बर्फाने दगड फुटण्याचा प्रकार आपल्याकडे नाही. तो भाग परीक्षेपुरता.

६. सूक्ष्मजीव दगड खातात असं वाचलं. हे खरंच खातात का?

चावून नाही, पण दगडातून हवं ते काढून घेतात हे खरं. त्यांच्या रीती अनेक आहेत आणि बऱ्याचशा एकाच वेळी चालतात.

पहिली आणि सगळ्यांत मोठी रीत म्हणजे श्वास. मुळं आणि जिवाणू मातीत कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात, त्यामुळे मातीतल्या हवेत त्याचं प्रमाण बाहेरच्या हवेच्या दहापट ते शंभरपट असतं. तो पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल होतं. स्वच्छ पावसाच्या पाण्याचा सामू (पीएच) मुळातच ५.६ च्या आसपास, म्हणजे किंचित आंबट. मातीतून मुरताना ते आणखी आंबट होतं. हे सौम्य आम्ल फेल्डस्पारमधलं कॅल्शियम आणि सोडियम सोडवतं. मागे उरतं ते नव्या रूपातलं खनिज, म्हणजे चिकणमाती.

दुसरी रीत सेंद्रिय आम्लांची. जिवाणू ग्लुकोनिक, तर बुरशी सायट्रिक आणि ऑक्झॅलिक आम्ल सोडते. तिसरी लोहासाठी: लोह दुर्मीळ झालं की जिवाणू सिडरोफोर नावाची संयुगं सोडतात. ती खनिजातलं लोह पकडून आणतात, मग जिवाणू ते आत घेतात. चौथी रीत उघड्या डोळ्यांना दिसत नाही पण महत्त्वाची आहे. जिवाणू दगडावर चिकट थर करतात, आणि पाऊस थांबल्यावरही त्या थरात ओल टिकते. दगड ओला राहण्याचे तास वाढले की विदारणाचे तास वाढले.

बुरशीचे तंतू तर केसाहून बारीक भेगेत शिरतात आणि आतून दाब देतात.

खोलीचं विचाराल तर, कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी सुमारे ३ किलोमीटर खोल वेध घेतला गेला, आणि तिथल्या खोलवरच्या खडकांतही सूक्ष्मजीव सापडले आहेत. तिथे ऊन नाही, मुळं नाहीत.

७. मग सूक्ष्मजीव असले की विदारण नेहमी वाढतंच?

नाही, आणि हा मुद्दा फार लोक विसरतात. काही ठिकाणी जिवाणूंचा किंवा दगडफुलाचा थर दगडाला वाऱ्यापावसापासून वाचवतो. ऑक्झॅलिक आम्लापासून पृष्ठभागावर कॅल्शियम ऑक्झॅलेटची पातळ साय तयार होते, तीही कधी कधी संरक्षक ठरते. काही जिवाणू तर चुन्याचे स्फटिक घडवून भेगा बुजवतात. त्यावरच काँक्रीटच्या भेगा भरणाऱ्या जिवाणूंचे प्रयोग चालतात.

उलट टोकाचं उदाहरण खाणींचं. पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, असलेल्या खडकात लोह खाऊन जगणारे ॲसिडिथायोबॅसिलस जातीचे जिवाणू असले तर आम्लधर्मी पाण्यात लोहाचं ऑक्सिडीकरण लाखो पटींनी वेगाने होतं आणि खाणीचं पाणी गंधकाम्लाने जहाल होतं. आपल्या काळ्या दगडात पायराइट नगण्य, त्यामुळे ही भीती इथे बाळगायचं कारण नाही.

८. काळ्या मसाल्यात घालतो ते दगडफूल हेच का? ते खरंच दगडावर येतं?

हो, दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचं एकत्र बिऱ्हाड. बुरशी घर बांधते आणि पाणी धरते, शैवाल उन्हावर अन्न करतं. मसाल्यातलं दगडफूल दगडांवर वाढतं तसंच झाडांच्या सालीवरही. सोलापूरच्या कोरड्या हवेत ते तसं भरघोस येत नाही. बाजारात येतं ते डोंगराळ, दमट भागांतून.

पण आपल्याकडच्या माळावरच्या धोंड्यांवर राखाडी, पिवळसर, कधी नारिंगी असे चपटे डाग दिसतात ना, तेही दगडफुलाचेच भाऊबंद. डाग सुरीच्या टोकाने हलकेच उचलला तर खाली दगडाचा भुगा चिकटून येतो. बुरशीचे तंतू खनिजांच्या कणांमध्ये शिरलेले असतात. ओलं झालं की फुगतात, वाळलं की आक्रसतात आणि कण ओढून काढतात.

९. सर, दगड तोच, तर महाबळेश्वरला तांबडा जांभा आणि मंगळवेढ्याला काळी माती कशी?

पाण्यामुळे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आपल्याकडे साडेपाचशे-सहाशे. म्हणजे साधारण दहापट.

तिकडे दगडातून इतकं पाणी गेलं की कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम तर वाहून गेलंच, सिलिकाही हळूहळू गेली. मागे राहिलं न विरघळणारं लोह आणि ॲल्युमिनियम. तो जांभा. आणखी पुढे गेलं तर बॉक्साइट. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी भागात त्याच्या खाणी आहेत त्या ह्याच कारणाने.

इकडे पाणी आलं, दगड बदलला, पण सुटलेला माल धुऊन न्यायला पाणी पुरलं नाही. सिलिका आणि मॅग्नेशियम जागेवरच राहिले, आणि त्यांच्यापासून स्मेक्टाइट गटातली चिकणमाती झाली, मुख्यतः माँटमोरिलोनाइट. तिच्या थरांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते, सुकली की आक्रसते. मार्चनंतर शेतात हात जाईल अशा भेगा पडतात त्या ह्यामुळे. भेगांत वरची माती पडते, पावसात माती फुगून वर येते, आणि जमीन स्वतःच स्वतःला उलथत राहते. पावसाळ्यातली ओल ही माती खोलवर धरून ठेवते, म्हणून मंगळवेढ्यात हिवाळ्यात पाऊस नसतानाही नुसत्या जमिनीतल्या ओलीवर रब्बी ज्वारी येते. मालदांडी ज्वारीला ही काळी मानवली ती उगीच नाही.

घर बांधणाऱ्यांसाठी एवढंच: पाया काळ्या मातीत संपवू नका, मुरमापर्यंत न्या. भिंतींना पडणारे तिरके तडे बऱ्याचदा सिमेंटचा दोष नसून खालच्या मातीच्या फुगण्या-आक्रसण्याचे असतात. इंजिनिअरचा सल्ला घ्या, शेजाऱ्याच्या पायावरून खोली ठरवू नका.

१०. जास्त पाऊस तिथे जांभा, हे मान्य. मग बिदरला जांभा कसा? तिथे पाऊस कुठे तेवढा आहे?

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि तो येतो ह्याचा आनंद वाटतो. बिदरचं पठार जांभ्याचं आहे, किल्लाही त्याच दगडात आहे. पण तो जांभा आजच्या पावसाने झालेला नाही. फार जुन्या काळी, हवामान दमट असताना, सपाट पठारावर पाणी निवांत मुरत राहिलं तेव्हा तो तयार झाला. नंतर हवामान कोरडं झालं, पण जांभा उघड्यावर कडक होतो, म्हणून तो माथ्यावर टोपीसारखा टिकून राहिला. जमिनीकडे पाहून आजच्या हवामानाचा अंदाज बांधताना ही फसगत होते.

बिदरची प्रसिद्ध भुयारी पाणीव्यवस्था, करेझ, जांभा आणि त्याखालचा बसाल्ट जिथे भेटतात त्या सांध्याने खोदलेली आहे. जांभ्यातून पाणी झिरपतं आणि बसाल्टवर अडतं, हे त्या कारागिरांनी बरोबर हेरलं होतं.

११. काळी माती म्हणजे सेंद्रिय कर्ब भरपूर, बरोबर ना?

चूक. सोलापूरच्या बऱ्याच काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब एक टक्क्याच्या खालीच असतो. थोडासाच ह्यूमस, म्हणजे कुजलेला सेंद्रिय अंश, चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसतो आणि सगळी माती गडद करतो. रंगावरून शेणखताचा हिशेब करू नका, माती तपासून घ्या.

१२. आमच्या डाळिंबाची पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. सल्लागार म्हणतात लोह कमी आहे. पण काळ्या दगडात तर लोह भरपूर असतं ना?

असतं. पण झाडाला मिळत नाही, आणि त्याचं कारण मातीतली चुनखडी.

विदारणात सुटलेलं कॅल्शियम पाण्याबरोबर खाली जातं. कमी पावसात ते फार खोल जात नाही. पाणी सुकतं आणि कॅल्शियम कार्बोनेटचे खडे मातीतच धरतात. कणीपासून अंड्याएवढे. एक खडा धुऊन त्यावर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे येतात. साध्या काळ्या दगडावर येत नाहीत. (अपवाद: दगडाच्या पोकळीत पांढरं कॅल्साइट भरलेलं असेल तर तिथेही फसफसतं. गारगोटीवर मात्र कधीच नाही.)

चुनखडीमुळे मातीचा सामू ८ च्या वर जातो, आणि त्या सामूला लोह गंजाच्या रूपात घट्ट बसतं, विरघळतच नाही. म्हणून नुसतं हिराकस (लोहाचं सल्फेट) जमिनीत टाकून फारसा उपयोग होत नाही; तेही थोड्या दिवसांत तसंच बसतं. शेणखतात मुरवून देणं, फवारणी, किंवा चिलेटयुक्त लोह (सेंद्रिय संयुगाने पकडून विरघळतं ठेवलेलं) हे मार्ग चांगले. पाणी जास्त झालं तर पिवळेपणा वाढतो, हेही लक्षात ठेवा. प्रमाणासाठी केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशी पाहाव्यात, दुकानदाराच्या नव्हे.

१३. पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) आणि पालाश सोडवणारे जिवाणू घातले तर दगडातलं खत मिळेल का?

थोडं मिळेल, जाहिरातीत सांगतात तेवढं नाही. स्फुरद विरघळवणारे बॅसिलस आणि स्युडोमोनास प्रश्न ६ मधलीच सेंद्रिय आम्लं सोडतात. आपल्या जमिनीत दिलेलं स्फुरद चुन्याशी बांधलं जातं, ते काही प्रमाणात सुटतं. अडचण अशी की तीच चुनखडी त्यांचं आम्ल मारूनही टाकते. प्रयोगशाळेच्या बशीत जिवाणूंभोवती स्फुरद विरघळून पडणारा स्वच्छ गोल चट्टा शेतात तसाच उमटत नाही.

जिवाणूंना खायला कर्ब लागतो. शेणखत, पाचट, हिरवळीचं खत काहीच नसेल तर बाटलीतले जिवाणू उपाशी मरतात. भर उन्हात, रासायनिक बुरशीनाशकाच्या जोडीला किंवा कोरड्या जमिनीत घातले तर पैसे वाया.

१४. बोअरच्या पाण्याने साबणाला फेस येत नाही, गिझरमध्ये पांढरा थर बसतो. पाण्यात कुणी काही मिसळतं का?

दगडच मिसळतो. प्रश्न ६ मधल्या कार्बोनिक आम्लाने सुटलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भूजलात उतरतं. पाणी तापलं की बायकार्बोनेट मोडतं आणि चुना खाली बसतो. मातीत जे काम ऊन अनेक वर्षांत करतं ते गिझर एका हंगामात करतो. बोअर जितकी खोल आणि पाणी जितकं जुनं, तितकं जड असण्याची शक्यता जास्त.

१५. नवी शहाबादी फरशी बसवल्यावर सिमेंटचे डाग काढायला ॲसिड मारलं, तर फरशी खरखरीत आणि पांढरट झाली. दगड नकली होता का?

दगड अस्सल होता, म्हणूनच असं झालं. शहाबादी म्हणजे चुनखडक. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या शहाबाद परिसरातला, म्हणजे आपल्या बसाल्टचा तो शेजारी, पण रसायन पूर्ण वेगळं. त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट आम्लात सरळ विरघळतं. पावसाने हजारो वर्षांत केलं असतं ते तुम्ही दुपारभरात केलंत. कडप्प्याचंही तसंच, ओट्यावर लिंबू, चिंचेचा कोळ, ताक सांडून राहिलं की डाग पडतो तो आतला असतो, पुसून जात नाही. पुन्हा पॉलिश करून घ्या आणि पुढे साधा साबण वापरा. ग्रॅनाइटच्या ओट्याला ह्या गोष्टी सहसा जाणवत नाहीत.

१६. भुईकोट किल्ल्याच्या, जुन्या वाड्यांच्या दगडांवर काळे ओघळ दिसतात. प्रदूषण आहे का? आणि ते घासून काढावेत का?

काही ठिकाणी काजळी असते, पण पाणी जिथून ओघळतं तिथेच पट्टे असतील तर बहुधा ते सायनोबॅक्टेरिया आहेत. उन्हापासून वाचण्यासाठी ते गडद रंगद्रव्य तयार करतात. उन्हाळ्यात काळे वाळलेले पडून राहतात आणि पाऊस पडला की काही तासांत जागे होऊन हिरवट दिसतात. गच्चीच्या कठड्यावर पाणी शिंपडून पाहा.

घासू नका. तारेचा ब्रश, ॲसिड, वाळूचा मारा ह्यांनी दगडाची वरची कडक साय जाते आणि आतला मऊ भाग उघडा पडतो. गळणारी पन्हाळी आधी दुरुस्त करा. ओल बंद झाली की ओघळांची वाढ आपोआप थांबते. सांधे सिमेंटने भरणं हे त्याहून वाईट. सिमेंट ओल अडवतं, ती दगडातून बाहेर पडते, बरोबरचे क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक होतात आणि पापुद्रे उडवतात. लोणा लागलेल्या भिंतीचा गिलावा पडतो तो ह्याच प्रकाराने. जुन्या बांधकामाला चुनाच हवा.

सांध्यातला पिंपळ लहान असतानाच काढावा. वाढल्यावर नुसता तोडला तर मुळातून पुन्हा फुटतो, आणि उपटला तर दगड घेऊन येतो. संरक्षित वास्तूवर हे काम स्वतः करू नका, पुरातत्त्व खात्याला कळवा.

१७. पंढरपूरच्या मूर्तीची झीज होते ती विदारणानेच का?

बरीचशी स्पर्शाने. लाखो हात, लाखो मस्तकं, ही घासून होणारी झीज. अभिषेकाच्या दूध-दही-मधाने ओल, सौम्य आम्ल आणि जिवाणूंचं खाद्य असं तिन्ही मिळतं, त्यामुळे विदारणाचाही वाटा असतो. झीज रोखण्यासाठी मूर्तीवर वेळोवेळी वज्रलेप, म्हणजे संरक्षक लेप, करण्यात आला आहे. घरच्या दगडी मूर्तीला पंचामृत झाल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडं पुसलं तरी पुष्कळ.

१८. दगड फोडला तर आत झाडाचा ठसा निघाला. जीवाश्म आहे का? विकला जाईल का?

फोटो पाठवणाऱ्या दहापैकी बहुतेकांना निराश करावं लागतं. भेगेच्या सपाट पृष्ठभागावर काळी, नाजूक, फांद्याफांद्यांची नक्षी असेल तर ती मँगनीजच्या ऑक्साइडची आहे. विदारणात सुटलेलं मँगनीज भेगेतून झिरपताना असं पसरतं, आणि ते ऑक्साइड बनण्याच्या कामात बऱ्याचदा जिवाणूंचा हात असतो. खऱ्या पानाला शिरांची ठरावीक रचना असते, ह्या नक्षीला नसते.

खरे जीवाश्म दख्खनमध्ये आहेत, पण ते दोन लाव्ह्यांच्या मधल्या तळ्यांच्या गाळात. मध्य प्रदेशातलं मोहगाव कलान त्यासाठी नावाजलेलं आहे.

१९. स्टोन क्रशरची भुकटी शेतात टाकली तर कार्बन क्रेडिट मिळतं असं ऐकलं. टाकू का?

कल्पना खोटी नाही. सिलिकेट खनिजांचं विदारण होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेट होऊन पाण्यात जातो आणि शेवटी समुद्रात. लाखो वर्षांच्या हिशेबात पृथ्वीचं तापमान आवरण्यात ह्याचा मोठा वाटा आहे. जमिनीच्या जेमतेम ५ टक्के भागावर बसाल्ट आहे, पण सिलिकेट विदारणातून शोषल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे ३० टक्के वाटा त्याचा, असा एक अंदाज आहे. दगडाची भुकटी केली की पृष्ठभाग वाढतो आणि काम वेगाने होतं. मध्य भारतातल्या भातशेतीत बसाल्टची भुकटी टाकणाऱ्या माती कार्बन ह्या संस्थेला २०२५ मध्ये एक्सप्राइझचं मोठं बक्षीसही मिळालं.

पण तिथली भाताची जमीन आम्लधर्मी, पाणी भरपूर. आपल्याकडे माती मुळातच बसाल्टची, सामू ८ च्या वर, पाऊस कमी. अशा मातीत भुकटीचं विदारण मंद होतं. शिवाय प्रश्न १२ मधली चुनखडी तयार होताना पकडलेल्या कर्बाचा अर्धा भाग परत हवेत सुटतो. क्रेडिटसाठी मोजमाप लागतं, ते एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नाही. कुणी आधी पैसे भरायला सांगत असेल तर देऊ नका. भुकटीने जमिनीचं वाटोळं होणार नाही, पण वाहतुकीचा खर्चही निघणार नाही.

२०. माळाच्या मुरमाड रानात तलावातला गाळ टाकून काळी जमीन करावी का? नवी माती आपोआप व्हायला किती वर्षं लागतील?

आपोआप होण्याची वाट पाहू नका. कातळापासून एक सेंटिमीटर माती व्हायला आपल्या हवामानात काही शतकं लागतात, आणि एका मोठ्या वळवात ती वाहून जाऊ शकते. बांधबंदिस्ती आधी, गाळ नंतर.

गाळ टाकायचा तो पिकाकडे पाहून. ज्वारी, हरभरा घ्यायचा असेल तर गाळाने ओल टिकते, फायदा होतो. डाळिंबाला मात्र मुरमाचा निचराच हवा असतो. त्यावर गाळाचा जाड थर दिला तर मुळांशी पाणी साचतं आणि मर रोगाला आमंत्रण मिळतं. पातळ थर द्या, कुळवाने मुरमात मिसळून घ्या. टाकण्याआधी गाळाचा सामू आणि क्षार तपासा. बऱ्याच वर्षांपासून आटत आलेल्या तलावाचा गाळ कधी कधी चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेला, निघतो, आणि तो एकदा रानात पसरला की परत उचलता येत नाही.